रेघेआडचं वाक्य

पाण्याची बाटली भरून ती परत येत होती. शेजारच्या टेबलावरच्या पडद्याकडे नजर सहज गेली आणि तिथेच अडकून राहिली. मेल ओळखीचा होता. सोमवारी या लिफ्ट-देखभाल कंपनीच्या मोठ्या इंजिनिअरांनी नियंत्रण कक्षातल्या सगळ्यांना पाठवलेला. वाक्यही ओळखीचं होतं: 'दोन नंबरची लिफ्ट आजपासून बंद ठेवावी. दोर बदलल्याशिवाय चालू करू नये.' याच वाक्यावर विसंबून तिने त्या दुपारी मेकॅनिकला फोन केला होता, ज्येष्ठांच्या त्या उंच निवासाच्या गच्चीवर, यंत्रखोलीत, मुख्य खटका पाडायला लावला होता आणि त्यावर आपल्या नावाचं कुलूप घालायला सांगितलं होतं. तेच वाक्य इथे आडवं पडलं होतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, प्रत्येक अक्षराच्या बरोबर कमरेतून, एक बारीक सरळ रेघ गेली होती. मुळीच घाई नसलेल्या हाताने मारलेली. आणि त्या रेघेच्या खाली, धडधाकट हिरव्या अक्षरांत, दुसरं वाक्य: 'निरीक्षण चालू ठेवावे.'

"काय गं, अशी का उभी राहिलीस?" बिलांचं काम पाहणाऱ्या शेजारणीने चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"हे खोडलंय."

"खोडलेलंच आलं. त्यात काय नवल? आपल्याकडे निम्मे मेल खोडलेलेच असतात." मग तिचा हात माउसवरच थांबला. "अगं बाई. तुला दिसलंच नाही वाटतं. तुझं सगळं काळं-पांढरं."

ऑफिसात तिच्या माघारी तिला 'काळी-पांढरी' म्हणत, हे तिला ठाऊक होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे; शेजारीण म्हणे, कारण दोघींचे डबे इतकी वर्षं एकाच टेबलावर उघडत होते.

"म्हणजे सोमवारपासून लिफ्ट बंद आहे ती तू केलीस? कोणाच्या सांगण्यावरून?" शेजारणीने विचारलं आणि उत्तर यायच्या आत चष्मा नाकावर ओढून घेतला. "जाऊ दे. मी काही विचारलं नाही."

ती आपल्या खुर्चीत येऊन बसली. बाटलीचं झाकण लावायचं राहून गेलं होतं. तिने तोच मेल आपल्या पडद्यावर उघडला. इथे रेघ नव्हती, हिरवा रंग नव्हता. तिन्ही वाक्यं एकाच काळ्या रंगात, एकाच उंचीची, शाळेच्या पटांगणात रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखी. आणि ती एकमेकांशी भांडतही नव्हती. बंद ठेवावी, चालू करू नये, निरीक्षण चालू ठेवावे. बंद लिफ्टचंही निरीक्षण करतातच की. सोमवारी तिने ती तीन वाक्यं वाचली होती आणि तिला त्यांत एक शहाणा, जबाबदार माणूस बोलताना ऐकू आला होता. आता त्याच काळ्या अक्षरांकडे पाहताना तिला जाणवलं, की हा माणूस बोलत असतानाच त्याच्या तोंडावर हात होता. आणि हातही बहुतेक त्याचाच होता.

साधी अक्षरं तिने काही हौसेने पत्करली नव्हती. ज्याच्यापासून ती पुढे वेगळी झाली त्या नवऱ्याला कोणी वाईट बोलणारा म्हटलं नसतं. तो बोलायचा आणि हसायचा. 'तुला एक गोष्ट धड जमेल तर शपथ,' आणि हसू. 'तुझ्या आईचा मुक्काम संपतो तरी कधी?' आणि हसू. वर, 'अगं गंमत केली, तुला मेलीला गंमतही कळत नाही.' वाक्य उच्चारलं जायचं, कानातून आत शिरायचं, तिथे अंथरूण पसरून कायमचं राहायला लागायचं, आणि ज्याने ते आत पाठवलं तो त्यावर हसण्याची रेघ ओढून मोकळा व्हायचा. म्हटलं तर म्हटलं होतं. म्हटलं तर नव्हतं. त्या घरात ती कित्येक वर्षं अशा खोडलेल्या वाक्यांच्या ढिगाऱ्यात वावरली. कोणत्याही वाक्याला पकडून उभं करावं तर त्याच्या अंगावरची रेघ दाखवून तो म्हणायचा, बघ, हे मी मागे घेतलंय. वेगळी झाल्यावर त्याचे मेल येऊ लागले. लाल अक्षरं, मुठीएवढी, जाड, एकमेकांना ढकलत पडदाभर पसरलेली. आणि सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत, 'रागाने लिहिलेलं नाही.' मेल उघडला की तिचे खांदे आपोआप वर यायचे, वाचण्याच्याही आधी. एकदा ऑफिसचे संगणक दुरुस्त करणारा त्याच वेळी तिच्या मागे उभा होता. त्याने काही विचारलं नाही. फक्त वाकून, दोन-तीन ठिकाणी माउस फिरवून, सगळे मेल नुसत्या साध्या अक्षरांत दाखवणारा खटका दाबून तो म्हणाला, "मॅडम, पाठवणाऱ्याने काय सजवलंय ते बघायलाच पाहिजे असं थोडंच आहे?" आणि निघून गेला.

त्या क्षणाचं सुख तिला अजून बोटांच्या टोकांत आठवायचं. मेल एकदम आक्रसला. ओरडणारा माणूस जाड काचेपलीकडे गेला आणि त्याचे नुसते ओठ हलू लागले. लाल गेलं, जाड गेलं, मुठी उघडल्या. मागे उरले ते शब्द, आणि ते अगदीच थोडे होते. इतक्या आरडाओरड्याच्या पोटात एवढेसेच शब्द होते, आणि त्यांतला एकही नवा नव्हता, हे कळल्यावर ती त्या संध्याकाळी घरी जाताना कारण नसताना दोन थांबे चालत गेली होती. तेव्हापासून तिने कोणालाही सवलत दिली नाही. साहेबांच्या सहीभोवतीची सोनेरी चौकट गेली आणि साहेब इतरांच्या रांगेत येऊन उभे राहिले. 'अत्यंत तातडीचे' आणि 'कृपया सवडीने पाहावे' यांची उंची सारखी झाली. मावशी रोज सकाळी पाठवायची ती फुलं तिच्याकडे रिकाम्या चौकटी होऊन पोचू लागली. मावशीला मात्र ती न चुकता 'किती ताजी आहेत गं' असं कळवायची. माझ्या डोळ्यांत कोणी ओरडायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं, आणि हे वाक्य तिच्या एकटीच्या आयुष्यातलं पहिलं न खोडलेलं वाक्य होतं.

एकच माणूस या रांगेत उभं राहायला तयार झालं नव्हतं. दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेली मुलगी एकदा फोनवर म्हणाली होती, "आई, मी तुला जांभळ्या रंगात लिहिते. तुला माहीत तरी आहे का?"

"जांभळ्या का?"

"तुला आवडतो म्हणून. तू नुसते शब्द घेतेस आणि बाकीच्या मला दाराबाहेर उभी करतेस."

"शब्द तरी घेते ना."

"शब्द काय गं, ते तर मी बँकेलाही लिहिते."

यावर तिला हसू आलं होतं, पण फोन ठेवल्यावर ते टिकलं नाही. मुलीचं म्हणणं खरं होतं. लिहिणारा आपला आवाजही पाकिटात घालून पाठवतो, आणि ती पाकीट झटकून आवाज खाली पाडत होती. एक दिवस, फक्त एकच दिवस, आपण तो खटका उलटा फिरवून मुलीची जुनी पत्रं पाहावीत असं तिच्या मनात आलं. पण खटका एकट्या मुलीसाठी फिरत नव्हता. तो फिरवला की सगळेच आत येणार होते. तिने तो फिरवला नाही. अशा गोष्टींना किंमत असते, आणि ती आपण दिलेली आहे, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते.

"बाई, ती दोन नंबरची लिफ्ट कोणाच्या सांगण्यावरून बंद आहे?"

"सोमवारच्या मेलवरून."

"सोमवारच्या मेलमध्ये बंद ठेवा असं लिहिलेलंच नाही."

"लिहिलंय. माझ्यासमोर आहे."

"ते खोडलंय, बाई. खोडलेलं कोणी वाचतं का?" साहेबांचा आवाज समजुतीचा होता. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा. "आज दुपारी निवासाचे विश्वस्त येतायत, पुढच्या तीन वर्षांचा करार घेऊन. ते काय जिन्याने चढणार? तुमच्या नावाचं कुलूप आहे, तेवढं काढायला सांगा. आणि तुमच्या त्या काळ्या-पांढऱ्याचं काय ते आपण नंतर बोलू. कामाच्या ठिकाणी मेल जसा पाठवला तसाच बघायचा असतो. हा निष्काळजीपणा आहे."

कंपनीचा नियम जुना आणि चांगला होता. दुरुस्तीसाठी वीज तोडली की खटक्यावर कुलूप लागायचं, आणि ज्याच्या नावाने ते लागलं त्याच्याच शब्दाने निघायचं. साहेबांच्याही शब्दाने नाही. वर कोणी यंत्रात हात घालून बसलेला असताना खालून दुसऱ्याने वीज सोडू नये म्हणून केलेला नियम. म्हणूनच साहेब समजुतीच्या आवाजात बोलत होते.

"बघते," ती म्हणाली. ती 'नाही' म्हणाली नाही. फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्या त्या 'बघते'ची लाज वाटली. 'बघते' हेही एक प्रकारे रेघ मारूनच उच्चारलेलं वाक्य होतं.

कारण खरा काटा दुसरीकडेच रुतला होता, आणि तो तिला आता चाचपडून सापडला. तिने स्वतःला विचारलं: सोमवारी मला रेघ दिसली असती तर? उत्तर यायला वेळ लागला नाही. तिने लिफ्ट चालू ठेवली असती. कक्षातल्या इतरांप्रमाणे तिनेही हिरवं वाक्य वाचलं असतं, खोडलेल्यावरून नजर पुढे सरकवली असती, घरी जाऊन भाजी चिरली असती. आणि ती लिफ्ट, पोलादी तारांच्या पीळ सुटत चाललेल्या दोरावर, म्हाताऱ्या माणसांना घेऊन वरखाली करत राहिली असती. तिचं धैर्य चुकून झालेलं होतं. ते तिच्या डोळ्यांचं नव्हतं, मनाचं नव्हतं. एका खटक्याचं होतं. माणसाने आयुष्यभर जपलेला ताठपणा एखाद्या दिवशी वळून त्याच्याकडे पाहतो आणि म्हणतो, मी तुझा नव्हेच. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारा माणूस पाळण्यात बसून हळूहळू खाली उतरत होता, त्याचे दोन दोर वर कुठेतरी अदृश्य गोष्टीला बांधलेले होते, आणि तो शीळ घालत असावा असं त्याच्या ओठांवरून वाटत होतं. ती त्या दोरांकडे पाहत राहिली. मग तिला वाटलं, ठीक आहे. सोमवारचं धैर्य माझं नव्हतं. पण आता मला रेघही दिसली आहे आणि तिच्याआडचं वाक्यही. आता चूक होण्याची सोय उरलेली नाही. आज जे होईल ते माझं असेल.

फोन पुन्हा वाजला. निवासाच्या नवव्या मजल्यावरचे नकाशेवाले आजोबा. आयुष्यभर नकाशे काढण्यात गेलं असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हापासून तिच्या मनात त्यांचं हेच नाव पडलं होतं.

"काय म्हणते आमची लिफ्ट?"

"अजून बंदच आहे, आजोबा."

"ते मला इथूनही दिसतंय हो. कारण काय म्हणायचं आज?"

"तांत्रिक."

"काल तांत्रिक, परवा तांत्रिक. बाई, दुसऱ्या लिफ्टमध्ये हिची चाकाची खुर्ची मावत नाही. आडवी घातली, तिरकी घातली, हिला म्हटलं श्वास आत घे. नाही मावत. हिला सोमवारपासून खाली नेलेलं नाही. बाल्कनीत बसवतो तर म्हणते, हे ऊन काही खरं नाही, मला खालचं ऊन पाहिजे." थोडं थांबून ते म्हणाले, "तुमच्यावर रागावत नाहीये मी. तुम्ही काय, सांगतील ते बोलणार."

हे शेवटचं त्यांनी दिलासा म्हणून म्हटलं होतं. तिला ते थपडेसारखं लागलं. फोन ठेवल्यावरही तिच्या कानात ते वाक्य उभं राहिलं, कोणतीही सजावट नसलेलं, एकाच उंचीचं: सांगतील ते बोलणार. त्यांच्या बायकोला खालच्या उन्हापासून तोडणारा शब्द तिचाच होता, आणि त्या शब्दाचं कारण मात्र तिने चार दिवस त्यांना दिलं नव्हतं. तांत्रिक. या एका शब्दात दोर झाकला जात होता, साहेब झाकले जात होते, आणि तिच्या लक्षात आलं, की तीही झाकली जात होती.

मोठे इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीनंतर आले. ते कधी खाली येत नसत; म्हणजे साहेबांनी पाठवलं होतं. तिच्याच वर्षी नोकरीला लागलेले, तेव्हा दोघांचेही केस काळे होते. त्या काळी कामाच्या नोंदी कागदी वहीत व्हायच्या आणि खाडाखोड कशी करायची हे तिला त्यांनीच शिकवलं होतं: शब्द गिरगटून टाकायचा नाही, खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. पुढे वही गेली, मेल आले, आणि कंपनीने ती रीत तशीच उचलून आणली. काहीही पुसायचं नाही, खोडायचं. दुरुस्ती दिसली पाहिजे. फक्त उचलून आणताना सही मागे राहिली, आणि ती राहिली हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, किंवा सगळ्यांच्याच आलं.

ते शेजारची खुर्ची ओढून बसले. शेजारीण एकाएकी बिलांत बुडून गेली.

"ताई, कुलूप काढायला सांगा. उगाच वाढवू नका."

"दोर कसा आहे?"

"निरीक्षणाखाली आहे."

"मी दोर विचारला."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "तारा सुटायला लागल्यात. म्हणजे उद्याच तुटेल असं नाही. महिनाभरही काढेल. कोण सांगणार? मी आधी बंदच लिहिलं होतं, तुम्हाला माहीत आहे. मग वरून फोन आला. म्हणाले, एवढं टोकाचं कशाला, जरा मऊ करा. मी मऊ केलं."

"रेघ मारून."

"रेघ मारून. पुसलं नाही हे बघा ना तुम्ही. वाक्य तिथे आहे."

"कशाला ठेवलंत?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. तिने आवाज चढवला नाही. तो चढवण्याची तिला कधी सवय लागलीच नव्हती. "मी सांगते कशाला. दोर टिकला तर रेघ दाखवायची. म्हणायचं, खोडलं होतं, बाईंनी उगीच लिफ्ट बंद ठेवली. दोर तुटला तर रेघेआडचं वाक्य दाखवायचं. म्हणायचं, मी तर बंद ठेवा असं लिहिलं होतं. दोन्हीकडे तुम्ही आहात, आणि कुठेच नाही. वहीत हे जमलं नसतं. वहीत रेघ मारणाऱ्याला शेजारी सही करावी लागायची."

"ताई, सगळेच असं करतात."

"करू देत. पाठवणाऱ्याला रंग पाहिजे, रेघ पाहिजे, मुठीएवढी अक्षरं पाहिजेत, त्याने ती खुशाल त्याच्या पडद्यावर ठेवावीत. माझ्या पडद्यावर जे म्हटलं ते म्हटलं."

"आणि म्हणून त्या म्हाताऱ्या बाईला नवव्या मजल्यावर डांबून ठेवणार?" ते एकदम म्हणाले. त्यांनाही आजोबांचे फोन ठाऊक होते. "तुमच्या तत्त्वापायी?"

हा घाव बरोबर बसला. मग तिने आपली खुर्ची मागे सरकवली, उठली आणि कळफलकाकडे हात केला. "बसा इथे. लिहा, दोर सुरक्षित आहे, दोन नंबरची लिफ्ट चालू करावी. खाली नाव घाला आणि मला पाठवा. पुढच्या मिनिटाला कुलूप काढायला सांगते. तुम्ही इंजिनिअर आहात. तुमच्या शब्दापुढे मी एक अक्षर बोलणार नाही."

म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं: ते लिहितीलही. विश्वस्त यायला फारसा वेळ नव्हता, इंजिनिअरांचं निवृत्तीचं वर्ष जवळ होतं, साहेब वर वाट पाहत होते. त्यांनी लिहिलं तर तिला शब्द पाळावा लागणार होता. लिफ्ट चालू होणार होती, आणि ती खाली उतरणाऱ्या प्रत्येक खुर्चीची कल्पना करत बसणार होती. तरीही तिने हात मागे घेतला नाही.

ते तिच्या खुर्चीत बसले. रिकामी चौकट उघडली. त्यांची नजर वरच्या कडेला गेली, तिथून डावीकडे, पुन्हा उजवीकडे. घरातल्या ओळखीच्या भिंतीवर दिव्याचं बटण शोधावं तशी.

"वरची पट्टी कुठे गेली? रंगबिंग?"

"माझ्याकडे नसते. इथे फक्त लिहायचं, नाहीतर पुसायचं."

त्यांनी 'दोर' लिहिलं. मग थांबले. मग 'सुरक्षित' लिहिलं. हाताच्या बोटांवर जुन्या वंगणाची, कधीच न निघणारी काळसर रेषा होती, नखांच्या कडेला. याच बोटांनी त्यांनी तो दोर यंत्रखोलीच्या अर्धवट उजेडात चिंधीने पुसत, इंच इंच चाचपला असणार, आणि सुटलेली तार बोटाला टोचली असणार. तिला ते न बघताही दिसलं. 'सुरक्षित' या शब्दापुढे उभी बारीक रेषा लुकलुकत होती. येत होती, जात होती, पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. कक्षात कुणीतरी खोकलं. शेजारणीने बिलाचं पान उलटणं थांबवलं होतं. त्यांनी 'आहे' लिहिलं नाही. पुसण्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि शब्द उलट्या बाजूने, अक्षर अक्षर, नाहीसे होत गेले; त, क्षि, र, सु; आणि मग 'दोर'सुद्धा. चौकट पुन्हा पांढरी झाली. इथे जे पुसलं गेलं त्याचा कुठलाच माग राहिला नाही.

ते उठले. "मी काही लिहिलं नाही हं, ताई."

"दिसतंय मला."

दारापर्यंत जाऊन ते वळले. काहीतरी म्हणायचं होतं, ते त्यांनी म्हटलं नाही. आणि या न म्हणण्याबद्दल तिला त्यांचा राग आला नाही. निदान ते अर्धवट तरी नव्हतं.

खुर्ची अजून त्यांच्या अंगाने गरम होती. ती बसली आणि लिहू लागली. लिहायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं इतरांचे शब्द सजावटीतून सोडवून घेण्यात गेल्यामुळे स्वतःच्या शब्दांना काही नेसवण्याची तिला गरज वाटली नाही. 'दोन नंबरची लिफ्ट बंद आहे. तिचा दोर झिजला आहे. नवा दोर बसेपर्यंत ती बंद राहील. कुलूप माझ्या नावाचं आहे.' त्याखाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. मेल साहेबांना, इंजिनिअरांना, विश्वस्तांना आणि निवासातल्या ज्या ज्या रहिवाशाचा पत्ता कंपनीकडे होता त्या प्रत्येकाला पाठवला. पाठवल्यानंतर एक विचित्र हलकेपणा आला, उन्हातून घरात शिरल्यावर क्षणभर काहीच दिसू नये तसा.

साहेब स्वतः खाली आले. त्यांच्या मागून जिन्यावरचा दरवाजा दोनदा आपटला. कक्षातल्या माना पडद्यांत शिरल्या.

"हे काय पाठवलंत तुम्ही? कोणाला विचारून?"

"कुलूप माझ्या नावाचं आहे."

"विश्वस्त गाडीत बसलेत आणि त्यांच्या हातात तुमचा मेल आहे. झिजला आहे? हा काय शब्द आहे? असं कोणी लिहितं?"

"दुसरा शब्द असेल तर सांगा. दोराला लागू पडला तर बदलते."

त्यांनी श्वास घेतला. समजुतीचा आवाज संपला होता. "तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी जा. उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. "तसं लिहून पाठवा."

"काय?"

"कारणासकट. लिफ्ट बंद ठेवली म्हणून घरी पाठवतोय, असं लिहा. खाली तुमचं नाव. मेल आला की निघते मी."

कुणीतरी हसू दाबलं; शेजारीण असावी. साहेबांच्या मानेवरची शीर वर आली आणि बसली. ते कडवट हसले, आणि ते हसू तिला फार जुन्या ओळखीचं वाटलं. "पाठवतो ना. रंगीत पाठवू की साधं?"

"कसंही पाठवा. माझ्याकडे साधंच पोचेल."

ते गेले. दरवाजा या वेळी आपटला नाही. हळूच, विचार करत लागावा तसा लागला. शेजारणीने आपली खुर्ची थोडी जवळ ओढली आणि फळांच्या फोडींचा डबा उघडून दोघींच्या मधोमध ठेवला. ती पडद्याकडे पाहत बसली. आलेल्या मेलांची रांग तशीच होती. एक कुठल्यातरी शाळेतल्या लिफ्टच्या अडकलेल्या दाराचा, एक मावशीच्या रिकाम्या चौकटींचा. साहेबांचा नव्हता. त्यांच्या खोलीत आत्ता तीच पांढरी चौकट उघडी असेल, वर रंगांची पट्टी असेल, आणि त्यांना एकही रंग पुरत नसेल. कारण काय लिहायचं? लिफ्ट बंद ठेवली म्हणून, असं लिहिलं की दोर त्या वाक्यात आपोआप येत होता. कदाचित त्यांना शब्द सापडतील. असल्या माणसांना सापडतात. उद्या, परवा, एखाद्या नियमाचा आधार काढून. तेव्हाचं तेव्हा. तिने पर्स टेबलाच्या खणातच राहू दिली.

फोन वाजला. तिने उचलला.

"मेल मिळाला," नकाशेवाले आजोबा म्हणाले. त्यांच्या मागे कुणीतरी बाई काहीतरी विचारत होती, आणि ते तिला हाताने थांबवत असावेत. "दोर झिजला म्हणजे? आम्ही रविवारपर्यंत त्यातूनच जात होतो."

"हो."

"आणि चार दिवस मला तांत्रिक सांगत होतात."

"हो. ते मी चुकीचं केलं."

पलीकडून पुढचा प्रश्न आला. त्यात आभार नव्हते. राग होता, आणि रागाच्या खाली, नकाशा काढणाऱ्या माणसाची, रेषा नक्की कुठून सुरू होते ते पाहण्याची सवय होती. "हे कोण म्हणतंय?" त्यांनी विचारलं. "कंपनी म्हणतेय का?"

"नाही," ती म्हणाली. "मी म्हणतेय."